वाइन ग्लासने विकायची? आधी पाचव्या ग्लासचा हिशोब करा



आपल्या मागच्या बॅचमधल्या एकाचं महाडजवळ, हायवे सोडून थोडं आत, फॅमिली रेस्टॉरंट आहे. वडिलांच्या काळापासूनचं परमिट रूमचं लायसन आहे. मासे चांगले मिळतात. तो म्हणाला, "सर, शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबतात. रायगड बघून आलेले असतात, नाहीतर महाबळेश्वरला चाललेले असतात. चार जणांच्या टेबलवर दोघं बिअर मागवतात आणि एखाद्या ताई विचारतात, एक ग्लास वाइन मिळेल का? मी म्हणतो, पूर्ण बाटली आहे. त्या म्हणतात, नको, मग लिंबू सोडा द्या."

लिंबू सोडा किती रुपयांचा आणि वाइनचा ग्लास किती रुपयांचा, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने हौसेने चार प्रकारच्या बाटल्या आणल्या, मेनू कार्डवर "वाइन बाय द ग्लास" छापलं आणि सुरुवात केली. महिन्याभराने हिशोब केला तर ग्लास विकले गेले होते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि वाइनवर तोटा झाला होता. त्याला वाटलं वेटर चोरी करतोय. वेटरने काही केलं नव्हतं. चूक कुठे होती ते आज बघूया.

ज्यांचा दारूच्या धंद्याशी संबंध नाही त्यांनीही पुढे वाचा. मोठं पॅकिंग फोडून सुटं विकायचं आणि फोडल्यावर माल टिकत नाही, असा प्रत्येक धंदा या गणितात बसतो. आणि दारू प्या असं मी कुणालाच सांगत नाहीये. ज्याच्याकडे लायसन आहे त्याने धंदा नीट करावा, एवढंच.

आधी साधं माप. वाइनची नेहमीची बाटली 750 मिलीची. जगभर एक ग्लास साधारण 125 ते 150 मिलीचा धरतात. ब्रिटनमध्ये तर कायद्यानेच ठरलंय, ग्लासने वाइन विकायची तर 125 किंवा 175 मिली किंवा त्याच्या पटीत. आपल्याकडे पेगचं माप 30 आणि 60 मिलीचं असतं, ते प्रत्येक परमिट रूममध्ये आहेच. म्हणजे 150 मिलीचा ग्लास म्हणजे दोन मोठी मापं आणि एक छोटं. एका बाटलीत पाच ग्लास.

आता समजा बाटली तुम्हाला 600 रुपयांना पडते आणि ग्लास 250 ला विकता. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

पाचही ग्लास गेले तर 1,250 आले, 650 सुटले. चार गेले तर 1,000, सुटले 400. तीन गेले आणि उरलेली वाइन खराब झाली, तर 750 आले, 150 सुटले. दोनच गेले तर 500 आले आणि 100 रुपये खिशातून गेले.

कागदावर बघताना सगळे पाच ग्लासचाच हिशोब करतात. "600 चे 1,250 होतात, डबलपेक्षा जास्त!" पण खरी कमाई चौथ्या आणि पाचव्या ग्लासात आहे. पहिले अडीच ग्लास फक्त बाटलीचे पैसे वसूल करतात.

आपल्या मित्राचं काय झालं ते आता बघा. त्याच्याकडे एका वीकेंडला साधारण आठ ग्लास जायचे. चार प्रकार उघडलेले, प्रत्येकातून दोन ग्लास. चार बाटल्यांवर प्रत्येकी 100 रुपये तोटा, म्हणजे 400 रुपये गेले. तेच आठ ग्लास दोनच प्रकारांतून गेले असते, चार पांढरी वाइन आणि चार रेड, तर दोन बाटल्यांवर प्रत्येकी 400, म्हणजे 800 सुटले असते. गिऱ्हाईक तेच, ग्लास तेवढेच, दर तोच. फरक 1,200 रुपयांचा, आणि तो फक्त किती बाटल्यांची झाकणं उघडली यावर.

मी स्वतः हे आइस्क्रीमवर शिकलोय. कापड्याच्या दुकानात पाच वर्षांपूर्वी खुल्या आइस्क्रीमचा फ्रीझर घेतला. कंपनीच्या माणसाने सहा फ्लेवर गळ्यात मारले. व्हॅनिला आणि मँगो संपायचे, बाकीच्या चार टबांवर बर्फाचे काटे यायचे. त्यात पावसाळ्यात लाइट गेली की चार-चार तास यायची नाही. दुसऱ्या वर्षी दोनच फ्लेवर ठेवले आणि तोच फ्रीझर पैसे द्यायला लागला. तेव्हा बीबीएची पुस्तकं घरात पडून होती. त्यात हेच लिहिलं होतं, पण टब फेकल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही.

आता वाइन उघडल्यावर खराब का होते? बाटली उघडली की हवा आत जाते. हवेतल्या ऑक्सिजनने आधी फळाचा वास जातो, मग चव सपाट होते आणि शेवटी आंबट, व्हिनेगरसारखी होते. व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल 42.8 टक्के असतं, ती उघडी बाटली महिनोन्‌महिने राहते. वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के. म्हणून व्हिस्कीची सवय असलेला बारवाला इथे फसतो. त्याच्या डोक्यात "उघडी बाटली म्हणजे माल शिल्लक" असं असतं. वाइनची उघडी बाटली म्हणजे घड्याळ सुरू झालेला माल. दूध म्हणा ना.

झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर साधारण तीन दिवस चांगली राहते, काही वाइन पाच दिवसांपर्यंत जातात. रेडसुद्धा उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवायची, द्यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढायची. फेसाळणारी स्पार्कलिंग वाइन मात्र दुसऱ्या दिवशीच मरगळते, ती आपल्यासारख्या ठिकाणी ग्लासने विकायच्या भानगडीत पडू नका. उघडलेली बाटली उभी ठेवा, आडवी नको. आडवी ठेवली की हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. आणि बाटलीवर टेप लावून मार्करने उघडल्याची तारीख आणि वार लिहा. कुणीतरी सांगेल "आम्हाला आठवतं". नाही आठवत.

हवा खेचून काढणारा छोटा हातपंप आणि रबरी बूच मिळतं. ते घ्या, स्वस्त आहे, एखादा दिवस वाढवतं. मोठ्या हॉटेलांत कोराव्हिन नावाचं यंत्र असतं. सुई बुचातून आत घालून वाइन काढतात आणि जागेवर आर्गॉन वायू भरतात, बाटली उघडतच नाही. 2013 मध्ये ते बाजारात आलं आणि महागड्या वाइन ग्लासने विकणं सोपं झालं. आपल्याला त्याची गरज नाही. त्याच्या गॅसच्या कॅप्सूलचा खर्च आपल्या ग्लासात बसणार नाही.

आपल्या भागाची खरी अडचण उन्हाळा आहे. एप्रिल-मे मध्ये महाड-पोलादपूरला काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. बंद बाटलीसुद्धा किचनशेजारच्या माळ्यावर ठेवली तर आतल्या आत शिजते. बूच वर सरकलेलं दिसलं की समजा. बंद साठा कमी ठेवा, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, दर आठवड्याला थोडा मागवा. स्क्रू कॅपची बाटली मिळत असेल तर तीच घ्या. आपल्या देशी वाइनमध्ये ती भरपूर मिळते, त्यात कमीपणा काही नाही, आणि वेटरने टेबलसमोर बूच तोडून आत पाडायचा प्रसंगही येत नाही.

मग मित्राला मी काय बदलायला सांगितलं?

पहिलं, माप. 150 ऐवजी 120 मिली. म्हणजे मोठी दोन मापं, बस. वेटरला शिकवायला सोपं, चुकायला जागा नाही. 750 मध्ये सहा ग्लास होतात आणि 30 मिली उरते. ती 30 मिली सोन्यासारखी आहे. रोज संध्याकाळी कालच्या बाटलीतला घोट मालकाने किंवा मॅनेजरने चाखायचा. आंबट लागली तर बाटली बाद. गिऱ्हाइकाच्या तोंडून कळण्यापेक्षा हे बरं. आणि मेनूवर "120 मिली" असं स्पष्ट छापा. माप लपवलं तर लोकांना वाटतं फसवलं, छापलं तर कुणी काही बोलत नाही.

डोळ्याच्या अंदाजाने ओतणं बंद. 150 चा ग्लास वेटरने प्रेमाने 170 चा केला तर बाटलीत चारच ग्लास भरतात आणि तळाला 70 मिली राहते. म्हणजे पाचवा ग्लास गेला, आणि नफा पाचव्या ग्लासातच होता हे आपण आत्ताच बघितलं.

दुसरं, अर्धी बाटली. 375 मिलीच्या बाटल्या मिळतात आणि हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. मिलीमागे थोडी महाग पडते. समजा 330 ला पडली. 120 चे तीन ग्लास, 200 रुपयांनी 600. दोनच गेले तरी 400, म्हणजे तोटा नाही. शुक्रवारी गिऱ्हाईक किती येईल माहीत नाही, तेव्हा अर्धी उघडा. शनिवारी दुपारपर्यंत रंग दिसला की मग मोठी उघडा. सोमवार ते गुरुवार ग्लासने विकायचीच नाही, वाटलं तर अर्धी बाटली पूर्ण द्या. दोघांत सहज संपते.

आणि कॅलेंडर बघा. श्रावणात आपल्याकडे निम्मी टेबलं रिकामी असतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर मासळीही कमी उठते. गणपतीत चाकरमानी येतात, पण घरी जेवतात. नोव्हेंबर ते जानेवारी आणि पावसाळ्यातले वीकेंड हा तुमचा हंगाम. ड्राय डेची यादी किचनमध्ये चिकटवा. आदल्या रात्री नवी बाटली उघडली तर एक दिवस तसाच गेला.

तिसरं, दोनच प्रकार. कोणते? इथे जेवणाकडे बघा. आपल्याकडे सुरमई, कोलंबी, तिखट रस्सा, सोलकढी. त्याच्याबरोबर थंड पांढरी वाइन जाते. शेनिन ब्लां नावाची थोडी गोडसर वाइन तिखटाला सांभाळून घेते, आणि पहिल्यांदा पिणाऱ्यालाही कडू लागत नाही. मटण, सागुतीसाठी शिराझची रेड. बस, दोन. कुणी तिसरी मागितली तर पूर्ण बाटली आहे म्हणून सांगा. पांढरी चांगली थंड, 8 ते 10 अंशांवर द्या. कोमट पांढरी वाइन देण्यापेक्षा न दिलेली बरी.

दोन्ही महाराष्ट्रातल्याच घेता येतात, लांब जायची गरज नाही. नारायणगावच्या इंडाजने 1980 च्या दशकात सुरुवात केली. राजीव सामंतांनी नाशिकला सुला उभी केली. अकलूजला मोहिते-पाटलांच्या भागीदारीत फ्रातेली आली. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. नाशिकला सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम उघडली, तिथे काय केलं बघा. लोकांना छोटे-छोटे घोट चाखायला दिले. ज्याने आयुष्यात वाइन प्यायली नाही तो हजाराची बाटली कशी घेईल? घोट घेईल, मग ग्लास घेईल, मग बाटली. ग्लासची विक्री ही कमाई तर आहेच, पण बाटलीची जाहिरातही आहे. आणि जाहिरातीवरून आठवलं, दारूची उघड जाहिरात चालत नाही. रस्त्यावर फ्लेक्स, फेसबुकवर ऑफर, असलं काही करू नका. आतल्या मेनूपुरतं ठेवा.

आता लायसन. कारण मला अर्ध्या लोकांचा प्रश्न हाच असतो, "सर, माझं किराणा दुकान आहे, वाइन ठेवू का?" याचं मूळ 2022 मध्ये आहे. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने 100 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. केवढा गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, मग हरकती मागवल्या आणि निर्णय अमलात आलाच नाही. तेव्हा दुकानात वाइन ठेवणं डोक्यातून काढा. ग्लासने द्यायची तर तुमच्याकडे जागेवर पिण्याचं लायसन लागतं. परमिट रूमचं एफएल-3 असेल तर त्यात वाइन येते. फक्त बिअर शॉपी असेल तर तिथे बाटली विकता येते, ग्लास ओतून देता येत नाही. हा फरक न कळल्यामुळे लोक अडचणीत आलेत.

नवीन लायसन काढायचा विचार असेल तर जागा आधी मोजा. डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, पुढे 31 मार्च 2017 ला 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ते अंतर 220 मीटर केलं. त्यानंतर शहरी हद्दीबाबत आणखी सवलती आल्या. मुंबई-गोवा हायवेवरच्या आपल्या कित्येक हॉटेलवाल्यांनी तेव्हा शटर ओढलेलं मी बघितलंय. जागेचं भाडं ठरवायच्या आधी एक्साइजच्या ऑफिसमध्ये जाऊन लेखी विचारा. आणि गावाला विचारा. गावातल्या महिलांनी मतदान घेऊन आडवी बाटली केली तर लायसन कागदावरच राहतं. मला स्वतःला तो हक्क योग्यच वाटतो. ज्याचं हॉटेल शांत, दिव्यांनी उजळलेलं, कुटुंबं बसतात असं आहे, त्याच्यावर सहसा ती वेळ येत नाही.

कर थोडक्यात. दारूवर जीएसटी नाही, जेवणावर आहे. म्हणून बिलात दोन्ही वेगळं दाखवायचं. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या दारूवरचा व्हॅट 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 चा 10 टक्के झाला, म्हणजे 200 चा ग्लास गिऱ्हाइकाला 220 ला पडतो. मेनूवर हे लिहा, नाहीतर बिलाच्या वेळी वाद. दारू विकणाऱ्या रेस्टॉरंटला जीएसटीची कंपोझिशन स्कीम घेता येत नाही. हे सीएला विचारून पक्कं करा, कारण छोटा हॉटेलवाला लायसन घेतो आणि कंपोझिशनमध्येच राहतो, मग नोटीस आल्यावर कळतं.

आत्ता हा विषय का काढला तेही सांगतो. जून 2025 मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं, म्हणजे आपल्या व्हिस्की-रमवरचं उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवलं. वाइन आणि बिअर त्या वाढीतून वगळली. 14 जुलै 2025 ला राज्यभर बार बंद ठेवून हॉटेलवाल्यांनी निषेध केला. शुल्क काय व्हायचं ते होईल, पण व्हिस्कीचा पेग आणि वाइनचा ग्लास यांच्या दरातलं अंतर कमी झालं. आधी 120 मिली वाइन 200 ला म्हटलं की लोक दचकायचे. आता तेवढे दचकत नाहीत.

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही, पण धंद्याचा आहे. "वाइनने काही होत नाही" असं वेटर टेबलवर बोलतात, ते बंद करा. 150 मिली, 13 टक्के वाइनमध्ये अंदाजे 15 ग्रॅम अल्कोहोल असतं. 60 मिली व्हिस्कीत 20 ग्रॅम. फार फरक नाही. गाडी चालवणाऱ्याला कायद्याने 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमपर्यंतच मुभा आहे. बारीक अंगाचा माणूस एका भरल्या ग्लासानेही त्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. तुमच्याकडून उठून गिऱ्हाईक कुठे जातं? एका बाजूला कशेडी, दुसऱ्या बाजूला आंबेनळी घाट. धुकं, वळणं, पावसात दरडी. ऑर्डर घेतानाच हसत विचारायचं, "गाडी कोण चालवणार आहे दादा?" त्याला सोलकढी आपल्याकडून फुकट. सोलकढीच्या ग्लासचा खर्च किती, आणि ते कुटुंब पुढच्या वेळी परत तुमच्याकडेच का थांबतं, हे तुम्ही मोजा.

मित्राने दोन प्रकार, 120 मिली, अर्ध्या बाटल्या आणि तारखेची टेप असं सुरू केलं. पहिल्या महिन्यात फार सुटलं नाही, पण फेकलं काही नाही. त्याने एक वही केलीय. उघडली कधी, ग्लास किती गेले, फेकली किती. एक्साइजचं साठा रजिस्टर वेगळं, ते रोज भरायचंच, त्यात उघड्या बाटलीचं माप वहीशी जुळलं पाहिजे. आणि दोन बाटल्यांतली उरलेली वाइन एकत्र करून एक भरायची नाही. चवही जाते आणि तपासणीला कोणी आलं तर उत्तरही नसतं.

तुमची स्वतःची वही सुरू करायची असेल तर चार रकाने पुरे: तारीख, बाटली, गेलेले ग्लास, फेकलेले मिली. चार वीकेंड भरा. फेकलेल्या मिलीचा रकाना सलग दोन आठवडे 200 च्या वर गेला तर एक प्रकार कमी करा. वहीचा फोटो काढून पुढच्या रविवारच्या बॅचला घेऊन या, आपण तुमच्याच आकड्यांवर बसून ग्लासचा दर काढू.